आप्पांच्या मशीनवरचे त्या दिवसाचे आकडे

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केलीय. त्यामुळे हे आधी मुकाट्यानं वाचा, मग हवं तर हसा.

रत्नागिरीजवळ आमची हापूसची कलमं आहेत. पेट्या थेट गिऱ्हाइकांना जातात. सगळ्या ऑर्डरी आणि पत्ते पॅकिंग शेडमधल्या एका जुनाट लिनक्स मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर. ते माझ्या वडिलांनी, आप्पांनी बसवलेलं. त्यावर 'सार' नावाचा प्रोग्रॅम (आमसुलाचं नव्हे हो!) — मशीनवर ताण किती, डिस्क किती रखडतेय, हे थोड्याथोड्या वेळानं आपोआप नोंदवतो. वेळापत्रक आप्पांचं. त्यात दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत नोंद बंद!

"आप्पा, असं कोण करतं?"

"मी निजतो तेव्हा माझी नाडी बघतेस का गो? मग त्यालाही निजू दे की!"

आप्पा गेले आणि यंदाचा सीझन माझ्या गळ्यात आला. मशीन रडतखडत चालायला लागलं, तेव्हा ओझं कमी करायला म्हणून मी शहाणीनं ती नोंदच बंद करून टाकली.

मग भर सीझनमध्ये एक दिवस... आढीतले आंबे तयार, माणसं पेट्या भरून खोळंबलेली, आणि स्क्रीनवर एक पत्ता उघडेल तर शपथ! आंबा काय थांबतो होय? चहाच्या वेळेला वैतागून 'सार' टाइप केलं, म्हटलं जुने आकडे तरी बघू. तर त्याच दिवसाचे आकडे समोर! सकाळपासूनचे. डिस्कचा आकडा चढतच चाललेला. म्हणजे डिस्क मरायला टेकलीय! सगळं सोडून आधी ऑर्डरी पेनड्राइव्हवर घेतल्या. संध्याकाळी डिस्क खलास. पण आमची एक पेटी अडली नाही.

कॉपी चालू असतानाच डोक्यात आलं — अगं, नोंद तर आपण बंद केलीय! वेळापत्रक उघडलं. बंदच. आदल्या दिवसांचं काही नाही, फक्त त्या दिवसाचं. आणि दुपारची जागा कोरी. पुण्याचा एक मित्र कॉम्प्युटरच्याच कामातला, त्यानं डिस्क जायच्या आत तिकडून लॉगिन करून सगळं चाळलं. "तूच चालू करून विसरली असशील," म्हणाला. मी? विसरेन?

आईला सांगितलं. ती आंबे पुसत होती, हात थांबले.

"बरे आहेत ना गो ते?"

"आकड्यांवरून कसं कळणार, आई?"

"दुपारचे निजले होते ना? मग बरेच असणार," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मीही रडले. खोटं कशाला सांगू...

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. नवी डिस्क घातली, नोंद मात्र बंदच ठेवलीय. मित्र ओरडतो. पण मी चालू केली, तर पुन्हा ते आले हे मला कळणार कसं? रोज सकाळी एकदा टाइप करून बघते. काही येत नाही.

मशीन सध्या ठणठणीत आहे, म्हणून असेल.