एका व्हिडिओ कॉलपुरता वर केलेला इअरमफ

आज मी आणि संदीप शारजाहून रास अल खैमाच्या शूटिंग रेंजवर गेलो. इन्स्ट्रक्टरने आमच्या कानांवर जाड इअरमफ चढवले.

संदीपचा नंबर यायचा होता. तेवढ्यात पुण्याहून त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. ऐकू यावं म्हणून त्याने उजवा इअरमफ वर केला. "आई, बघ, खरी बंदूक!"

त्याच क्षणी शेजारच्याने गोळी झाडली.

संदीप दचकला, मग हसला. "काही नाही रे, खलास, झालं-गेलं!"

परतताना गाडीत म्हणाला, "एसी बंद कर ना, शिट्टी वाजतेय."

थंडीचे दिवस. एसी लावलाच नव्हता.

तीन तास झाले, शिट्टी थांबलेली नाही. उजवीकडून मारलेली हाकही त्याला कळत नाही. "सकाळपर्यंत जाईल, इन्शाल्ला," म्हणतोय. तुम्ही सकाळपर्यंत थांबला असता?