इंदूची फक्की

मी धुळ्याच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते. घाम, गुडघे आणि शिट्टी… यापलीकडच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. हॉस्टेलच्या मुली 'मॅडम, तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी चालतं' म्हणत रडत आल्या, तर मी त्यांना मैदानाच्या चार फेऱ्या मारायला लावते. त्यांना रात्री छान झोप लागते. अशी मी बाई आज हे लिहायला बसलेय. आणि खरं सांगू का? त्या दिवशी मला भीती वाटलीच नाही. संताप आला. तो अजूनही उतरलेला नाही.

जळगावहून धुळ्याला येताना, पारोळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून तापीखोरे विद्यापीठ आहे. तीस वर्षांपूर्वी मी तिथल्या मुलींच्या खो-खो संघात होते. आमची कॅप्टन इंदू. शिरपूरकडच्या खेड्यातली, काटक, कमी बोलणारी. मॅचच्या आधी ती आम्हाला रांगेत उभं करायची, मैदानावर रेषा आखायची पांढरी फक्की तळहाताला लावायची आणि प्रत्येकीच्या पाठीवर एक धपाटा घालून म्हणायची, "हा पहिला खो. आता बसायचं नाही." तिचा हात डावा, आणि लागायचा कमरेच्या जरा वर. स्पर्धा संपेपर्यंत छाप उमटलेला तो टी-शर्ट धुवायचा नाही, असा तिचा नियम होता. आई ओरडायची, पण आम्ही नाही धुतला.

त्या वर्षी आम्ही आंतरविद्यापीठ स्पर्धा जिंकलो. फायनलला इंदूने खांबावर अशी झेप घेतली की बरगडीला तडा गेला. ती दवाखान्यात पडून होती आणि इकडे सर्टिफिकेटं वाटली गेली. बारा खेळाडू, बारा सर्टिफिकेटं. इंदूच्या जागी नाव कुणाचं? आमच्या मॅनेजरच्या भाचीचं! जिने स्पर्धेत पाण्याच्या बाटल्या भरण्यापलीकडे काही केलं नव्हतं!

इंदूला पोलिसात जायचं होतं, खेळाडूंच्या कोट्यातून. सर्टिफिकेटच नाही म्हटल्यावर ते राहिलं. ती माझ्याकडे आली होती. "मंगल, मी खेळले एवढंच लिहून दे, खाली सही कर." मी म्हटलं, बघते. माझा तेव्हा नोकरीचा इंटरव्ह्यू होता आणि पॅनेलवर तोच मॅनेजर बसणार होता. मी बघतच राहिले. नोकरी लागली मला. इंदू नंतर शिरपूरला मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाकाला लागली, हे मला कुणाकडून तरी कळलं. मी एकदाही गेले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार शहाणी वाटायला नको.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. विद्यापीठाने नवा इनडोअर हॉल बांधला, आत रबरी मॅट टाकली. आमच्या जुन्या मैदानावर ब्लॉक बसवून पार्किंग केलं. उद्घाटनाला माजी खेळाडूंना बोलावलं होतं, सगळ्यांना निळे नवे टी-शर्ट दिले. सकाळचे अकरा वाजले होते, हॉल लख्ख उजेडाने भरलेला. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून 'अंधारात भास झाला असेल' असं कुणीतरी म्हणणारच.

भिंतीवर 'आमचा क्रीडा वारसा' म्हणून भलामोठा फ्लेक्स होता. त्यात आमच्या संघाचा फोटो, इंदू दवाखान्यातून आल्यावर काढलेला. मी मोजलं… अकराच मुली! डाव्या टोकाला ट्रॉफी मांडीवर घेऊन इंदू बसली होती, ती कापलेली. आणि तिच्या जागी गोल चौकटीत कोण? तोच मॅनेजर, आता 'आदरणीय भाऊसाहेब'. खाली मजकूर होता की पाठीवर छाप देण्याची परंपरा भाऊसाहेबांनी सुरू केली. माझ्या कानशिलाच्या शिरा उडायला लागल्या.

क्रीडा संचालक तरुण मुलगा होता, त्याला गाठलं. "अहो, ही परंपरा इंदूची. ती कुठंय फोटोत?"

"मॅडम, रेकॉर्डला असं नाव नाही," तो म्हणाला. "आणि डिझाइनमध्ये जागा कमी पडत होती."

जागा कमी पडत होती! ट्रॉफी मात्र बरोबर राहिली होती, दोन कापलेल्या हातांत.

मग भाऊसाहेब उठले आणि सगळ्यांच्या पाठीवर छाप द्यायला निघाले. तीही गुलालाची. फक्कीने कपडे खराब होतात म्हणे! फोटोग्राफर पुढे, भाऊसाहेब मागे. माझ्यापाशी आले तशी मी रांगेतून बाजूला झाले. "मला नको," म्हटलं. ते हसले. "मंगल, अजून तशीच तापट आहेस का गं?" पुढे बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण आजूबाजूला माणसं होती. मी पुन्हा गिळलं. पुन्हा!

मग आताच्या मुली आणि आम्ही जुन्या मिसळून एक गमतीची मॅच ठेवली होती. ज्यांना खो-खो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते… पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी ओळीत बसतात, एक पळते. पळणारीने पाठीवर थाप मारून 'खो' म्हटल्याशिवाय बसलेलीने उठायचं नाही. आणि एकदा खो मिळाला की बसून राहायचं नाही. मी पाचव्या चौकात बसले. गुडघे कुरकुरत होते, डोकं तर भणाणलंच होतं.

आणि पाठीवर थाप पडली. कमरेच्या जरा वर, डाव्या बाजूला. सणसणीत. आणि अगदी कानाशी, "खो!"

अंगात तीस वर्षं जुनी सवय. मी उसळून उठले आणि पळत सुटले. चार पावलं गेले असेन नसेन, तर शिट्टी वाजली. सगळा हॉल हसत होता. पंच म्हणाले, "मॅडम, फाउल! तुम्हाला खो दिलाच नाही कुणी." मी वळून पाहिलं. आमची पळणारी मुलगी पार त्या टोकाला, खांबापाशी होती. माझ्या मागे कुणीच नव्हतं.

शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "मॅम, पाठीला काय लागलंय तुमच्या?"

मी टी-शर्ट ओढून मान वळवून पाहिलं. पांढरं. बोटाने पुसून वास घेतला. फक्की. तिचा वास मी झोपेतही ओळखेन. त्या हॉलमध्ये रबरी मॅट होती, रेषा चिकटपट्टीच्या होत्या, भिंती पिवळ्या ऑइलपेंटच्या. चिमूटभर फक्की त्या इमारतीत नव्हती, मी नंतर स्टोअररूमही उघडायला लावली. एका मुलीने मोबाइलवर मॅचचं शूटिंग केलं होतं. त्यात मी बसते तेव्हा पाठ निळी आहे, उठते तेव्हा पांढरी. मधे काहीच नाही, हात नाही, सावलीसुद्धा नाही.

पण तेव्हा मी शूटिंग कुठे पाहत बसले होते! मी सरळ स्टेजवर गेले आणि निवेदिकेच्या हातातून माइक घेतला. म्हटलं, ही परंपरा इंदूची. फायनल तिने जिंकून दिली. सर्टिफिकेट भाऊसाहेबांच्या भाचीने नेलं. हे मला तीस वर्षं माहीत होतं आणि मी नोकरीसाठी तोंड शिवून बसले होते, माझीही लाज वाटते मला. भाऊसाहेबांना अचानक दुसरा कार्यक्रम आठवला. माइक बंद केला गेला, तरी मी बोलत राहिले. मैदानावर ओरडायची सवय आहे मला.

दुसऱ्या दिवशी स्टॅम्पपेपरवर सगळं लिहून, खाली सही करून शिरपूर गाठलं. इंदू मेसच्या मागे मेथी निवडत होती. केस पांढरे झालेत, पाठ मात्र ताठ. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या अहिराणी वळणात म्हणाली, "बस. चहा ले."

मी विचारलं, काल अकराच्या सुमाराला तू काय करत होतीस?

"काय करसू? भाकरी थापत होते. सत्तर पोरी जेवायच्या होत्या." तिला पारोळ्याच्या कार्यक्रमाचं माहीतही नव्हतं. मी सगळं सांगितलं, कागद पुढे केला. तिने तो वाचला, घडी घातली. "आते याचं मी काय करू, मंगल? भरतीचं वय गेलं." मी रडले, लपवत नाही.

मग तीच म्हणाली, "इथल्या पोरींना सांगते मी कॅप्टन होते, तर हसतात. फोटो लावतील का गं परत? पुरा?"

तिला दाखवायला तो टी-शर्ट नेला होता. तिने पाठीवरचा पांढरा डाग पाहिला, त्याला हात मात्र लावला नाही. मी म्हटलं, घरी जाऊन धुऊन टाकते, मला बघवत नाही.

"धुवू नको," इंदू म्हणाली. "स्पर्धा कुठे संपली अजून?"

ती थाप कुणाची, ती फक्की कुठून आली, मला सांगता येत नाही. जितीजागती बाई साठ-सत्तर किलोमीटरवर भाकरी थापतेय आणि इकडे तिचा हात माझ्या पाठीवर… कुणाला उत्तर माहीत असेल तर जरूर कळवा. विद्यापीठाकडे तीन अर्ज गेले आहेत, 'विचाराधीन' असं उत्तर आलंय, फ्लेक्सवर अजून अकराच मुली आहेत. टी-शर्ट कॉलेजात माझ्या खुर्चीच्या पाठीवर टांगलेला असतो. शिपाईमामा दर सोमवारी विचारतात, "मॅडम, धुवायला देऊ का?" मी सांगते, अजून नाही.