मामीच्या भिंतीतली ऊब

समजा, तुम्हाला बॉयलर सांभाळायचा आहे. समोरच्या काचनळीत पाण्याची पातळी दिसते, काट्यावर वाफेचा दाब दिसतो. तरी तुम्ही आधी मागे जाता आणि धूर चिमणीकडे नेणाऱ्या विटांच्या बोगद्यावर तळहात टेकवता. चटका बसून हात झटकन मागे आला, की आग ठीक. माझा मामा कापड रंगवण्याच्या कारखान्यात आग अशीच ओळखायचा. सगळे त्याला ‘तळहात’च म्हणायचे.

बोगदा पुढे जातो तो कारखान्याच्या आवारातच असलेल्या मामाच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून. मामी शिवणकाम करते. सकाळी तिची बोटं आखडलेली असतात. ती भिंतीला हात लावून बसायची आणि बोटं सैल झाली की सुईत दोरा ओवायची.

यंदा कारखान्याने छतावर उन्हाने पाणी तापवणारी यंत्रणा बसवली आणि बोगद्याच्या तोंडाशी नळ्यांचं मोठं वेटोळं. धुरातली वाया जाणारी उष्णता त्या नळ्यांतल्या पाण्याला मिळते, ते आणि छतावरचं गरम पाणी एका टाकीत येऊन पंपाने बॉयलरला जातं, इंधन वाचतं. मी हेच शिकलेय, त्यामुळे मामाला समजावताना माझा उत्साह उतू जात होता. त्याने मान डोलावली.

यंत्रणा सुरू झाली त्या दिवशी मामाने विटांवर हात टेकवला. हात तिथेच राहिला. आग मेली की काय? पण काट्यावर दाब बरोबर! घरी गेला तर मामी वैतागलेली. “अहो, भिंत गार पडलीय. कामावर झोपा काढता का?”

दुसऱ्या दिवशी मामाने आग वाढवली. भिंत गारच. अजून वाढवली. दुपारी छतावरचं पाणी कडक तापून आलं, त्यात धुराची जास्तीची उष्णता मिसळली आणि टाकी उकळायला लागली. पंप पाण्याऐवजी वाफ ओढू लागला, डब्यात खडे हलवावेत तसा खडखडला. काचनळीतलं पाणी उतरलं, धोक्याचा भोंगा वाजला. मामाने घाबरून आग बंद केली. इंजिनिअर बाई धावत आल्या.

“दाब बरोबर होता ना? मग आग का वाढवलीत?”

“भिंत गार होती, बाई.”

“कुठली भिंत?”

“बायकोची.”

पुन्हा असं झालं तर बॉयलरवरून काढू, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

“हात दाखवून अवलक्षण,” मामी म्हणाली. पण नंतर तिनेच त्याला चहा दिला. आता ती रोज सकाळी शेगडी पेटवून पातेलंभर पाणी तापवते आणि त्यात बोटं बुडवून बसते. शिलाईला उशीर होतो.

परवा मी गेले तेव्हा मामा त्या शेगडीकडे बघत बसला होता. मी कागदावर सगळं पुन्हा काढून दाखवलं: ऊन, धूर, नळ्या, पाणी. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला.

“अगं, ती ऊब वाया जात होती, असं तू म्हणतेस,” तो म्हणाला. “मग इतकी वर्षं हिच्या बोटांत काय शिरत होतं?”