बद्द वाजणाऱ्या बांगड्या

माझी धाकटी बहीण बांगडी कानाशी धरून वाजवायची. डाव्या हाताच्या बोटात ती अडकवायची, उजव्या हाताच्या नखाने हलकी टिचकी मारायची आणि ऐकायची. खणखणीत वाजली की सुपात, बद्द वाजली की मागच्या टोपलीत. गवतात बांधून आलेल्या काचेच्या बांगड्यांत केसाएवढा तडा गेलेल्या कितीतरी असत. तो डोळ्यांना दिसत नाही, पण भरताना बांगडी नेमकी मनगटावर तुटते. शिरूर कासारच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान होतं आणि तिथली बांगडी भरताना वाढत नाही, असं बायका सांगायच्या. बांगडी फुटली असं आम्ही कासार म्हणत नाही, वाढली म्हणतो.

बहीण बोलायची फार कमी. गिऱ्हाईक बाईच्या तोंडाकडे कधी बघायची नाही. तिच्या पंजाकडे बघून फक्त माप सांगायची, "दोन-सहा." एकदा एका बाईला ते पटलं नाही.

"मामा, मी कायम दोन-चार घालते. पोरगी कामून मला जाडी म्हणती?"

"दोन-चार भरू का? सहज बसली तर ती खोटी," वडील म्हणाले.

बाईने हात पुढे केला. दोन-चारची बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडकली. बाकीच्या हसायला लागल्या. एक म्हणाली, "अगं, माहेराला जाऊन आलीस, पंजा भरला." बहीण हसली नाही. ती पुढच्या बांगडीला टिचकी मारत होती.

तिच्या स्वतःच्या हातात मात्र एकही बांगडी नव्हती. घातली की ओरबाडून काढायची. कुणी विचारलं की आई सांगे, "तिला सोसत न्हाईत. तिचं तसंच हाय." घरात तिच्यासाठी एवढाच शब्द होता, तसंच. आज त्याला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. तेव्हा आमच्या भागात तो शब्द कुणी ऐकला नव्हता.

तसंच असणं सोपं होतं असं नाही. दसरा झाला की ऊसतोडीला निघालेल्या माणसांचे ट्रक बाजारातून जात. भोंगा वाजला की ती भिंतीवर डोकं आपटायची. आई धावत जाऊन भिंत आणि तिचं कपाळ यांच्यामध्ये आपला तळहात घालायची. त्या दिवसांत आईच्या हाताच्या पाठीवरचं साल गेलेलं असे.

मला वडिलांनी दुकानात कधी बसवलं नाही. म्हणायचे, "तू शीक. इकडं ती हाय की." आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी औरंगाबादला बी.ए. केलं, मानसशास्त्र घेऊन. याबद्दल मी वडिलांचा ऋणी आहे, आणि तिचाही. तिच्या कानांच्या भरवशावर मी शिकलो. ते उपकार फेडावेत असं मनापासून वाटत होतं. पदवी घेऊन घरी आलो तेव्हा मी वडिलांना सांगितलं की हा आजार आहे, आणि आजाराला औषध असतं.

वडील बांगड्या दोऱ्यात ओवत होते. "आजार म्हणजे ताप का?"

"मनाचा असतो. शहरात त्याचे डॉक्टर आहेत."

"तिला दुखतं कुठं?"

"दुखतंच की. डोकं आपटते ती."

आई म्हणाली, "ते भोंग्यानं. एरवी लई शांत हाय."

वडिलांनी ओवलेल्या दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाले, "आमी अडाणी. तू शिकलास, तुला कळतं. ने."

ती अठरा वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तरी माझ्या एका पदवीपुढे त्यांनी स्वतःचं पाहिलेलं बाजूला ठेवलं. घरात पहिल्यांदाच कुणी शिकलं की त्याचं बोलणं शेवटचं मानायचं, ही चूक आमच्यासारख्या घरातच होते. मलाही ती तेव्हा चूक वाटली नाही. मान वाटला.

शहरातल्या डॉक्टरांनी तिला जेमतेम दहा मिनिटं पाहिलं. त्यांनी नाव विचारलं, ती त्यांच्या पेनकडे बघत राहिली. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. त्यांना दोष देत नाही. मी जे सांगितलं त्यावरच त्यांनी लिहिलं, आणि माझ्या सांगण्यात बांगड्यांचा उल्लेख नव्हता.

गोळ्यांनी फरक पडला. एखादा ट्रक भोंगा वाजवत गेला तरी ती जागची हलत नव्हती. पाहुण्यांसमोर बसायची. एके दिवशी आईने तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि तिने भरू दिल्या. आई रडली, आनंदानेच. शेजारची म्हणाली, "पोरगी माणसात आली बघा." मलाही तसंच वाटलं. तिची बोटं कापत होती, ओठाच्या कडेने लाळ यायची, पण मी म्हणालो, हळूहळू थांबेल.

दुकानातलं तिचं काम तिने सोडलं नव्हतं. टिचकी मारायची, कानाशी न्यायची आणि सुपात टाकायची. सगळ्याच सुपात. टोपली रिकामी राहते आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात दुकानात गर्दी असे. सहा महिने साखर कारखान्याच्या तळावर जायचं, म्हणून बायका हात भरून घेत. वडील एका तरुण बाईला बांगड्या भरत होते. तिसरी बांगडी मनगटावर वाढली आणि काच आत शिरली. वडिलांनी फडकं दाबलं, हळद भरली. बाई ओरडली नाही. उजव्या हाताकडे बघून एवढंच म्हणाली, "मामा, परवा निघायचं हाय. ह्याच हातात कोयता असतो."

ती गेल्यावर वडिलांनी सूप पुढे ओढलं आणि स्वतः एकेक बांगडी वाजवली. त्यांच्या कानाला ऐकू येतील अशाच पाच-सहा बद्द निघाल्या. बहीण शेजारीच बसली होती, हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे बघत. वडिलांनी त्या हळूच काढून घेतल्या. गोळ्यांची पाकिटं माझ्या हातात दिली.

"ह्या बंद कशा करायच्या, ते डॉक्टरला इचारून ये," म्हणाले.

गोळ्या कमी करत बंद केल्या. तिचा कान परत यायला वर्षाच्या वर गेलं. कापरं पूर्ण कधीच गेलं नाही. तोवर बाजार बदलला होता. छापील खोक्यांत प्लास्टिकच्या, चकाकी लावलेल्या बांगड्या येऊ लागल्या होत्या. काच कमी होत गेली. प्लास्टिकला वाजवून बघायचं कारणच नव्हतं.

पुढे मी शिक्षक झालो. बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात ऑटिझम हा शब्द ऐकला, आणि हा आजार नाही, मेंदूची घडणच वेगळी असते, असंही ऐकलं. मी ते वहीत लिहून घेतलं. लिहिताना तिचा कान आठवला, तसाच आईचा सोललेला हातही. नुसतं वेगळेपण म्हणून मला तो हात विसरता येत नाही. आजार म्हणायला मात्र माझी जीभ आता धजत नाही. त्या शब्दाने मी काय केलं, ते मला माहीत आहे.

वडील गेले. त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत दुकानात काच जवळजवळ नव्हतीच. बहीण तरी सकाळी आपल्या जागी येऊन बसायची. नवं खोकं उघडायची, प्लास्टिकची बांगडी बोटात अडकवायची, टिचकी मारायची, ऐकायची. सगळ्याच बद्द वाजायच्या. दुपारपर्यंत खोकं रिकामं आणि टोपली भरलेली असे. वडील तिला अडवत नसत. संध्याकाळी ती आत गेली की खाली बसून टोपलीतल्या बांगड्या मापाप्रमाणे पुन्हा खोक्यात लावत. सुट्टीत घरी असलो की मीही बसायचो. माप बघून लावायला मला वेळ लागायचा.