उपाशीपोटी जांभळं

बारामतीत रक्तातली साखर तपासायला उपाशीपोटी बसलो होतो. शेजारी लासुर्ण्याचे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मांडीवर टोपी उलटी ठेवून ते तिच्यातलं एकेक जांभूळ धोतराला पुसत आणि डोळे मिटून तोंडात टाकत.

"आबा, रक्त द्यायच्या आधी काही खायचं नसतं," मी म्हणालो.

"खातोय कुठं? औषध हाय हे. जांभळानं साखर उतरती."

"डॉक्टर म्हणाले?"

"न्हाय, आमची कारभारीण. डॉक्टरची गोळी बी घेतो की. गोळी साखरेसाठी, जांभूळ कारभारणीसाठी. पहाटे उठून येचती बिचारी, न्हाय कसं म्हणू?"

त्यांनी टोपी माझ्यापुढं धरली. आता मलाही नाही म्हणवेना.

इतक्यात रक्त घेणारी मुलगी आली. तिनं आधी आबांची जीभ बघितली, मग माझी. दोन्ही जांभळ्या.

"दोघंही उद्या उपाशीपोटी या," ती कपाळाला हात लावून म्हणाली.

जांभळानं साखर उतरते का, ते काही त्या दिवशी कळलं नाही. आबा मात्र खुशीत उठले.

"बरं झालं," ते म्हणाले. "घरी सांगतो, साखर सापडलीच न्हाय."