पाच बुधरी

१३ ऑगस्ट १९८६, बुधवार. बायनाबाईच्या कनवटीला दहा रुपये चाळीस पैसे होते. तालुक्याच्या गावापर्यंत एसटीचे पूर्ण तिकीट एक रुपया साठ पैसे, अर्धे ऐंशी पैसे. तिचे एक पूर्ण आणि चार पोरींची अर्धी, जाऊन-येऊन नऊ रुपये साठ पैसे होत होते. उरलेल्या ऐंशी पैशांचे फुटाणे घ्यायचे, असे तिने पोरींना कबूल केले होते.

बायनाबाई मूळची सावली गावाकडची. छप्पन साली तिचा बाप पायी चांद्याला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या पोरीला शाळेत घातले. पण त्या शाळेत एकच मास्तर, म्हणून वर्ग दुसरीपर्यंतच. बायनाबाई दुसरी पास झाली आणि धानाच्या बांधीत उतरली. पुढे लग्न होऊन या जंगलातल्या गावात आली, नवरा वारल्यावर शाळेच्या झाडलोटीला लागली. महिना तीस रुपये. पाणी भरायचे, घंटा द्यायची आणि घरोघर फिरून पोरे गोळा करायची. हे शेवटचे काम तिला कोणी सांगितले नव्हते.

शाळाही नवीच होती. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी हरिदास गुरुजी आले आणि गोटुलात, म्हणजे गावातल्या तरुणांच्या सामाईक घरात, अकरा पोरे घेऊन बसले. पुढच्या वर्षी एकोणीस झाली, मग तीस, आणि यंदा एकेचाळीस. पट चाळिसाच्या वर गेला की दुसरा शिक्षक मिळणार होता, आणि दुसरा शिक्षक आला की तिसरी-चौथी उघडणार होती. बायनाबाई या एका आशेवर पावसाळाभर चिखल तुडवत होती.

आणि सोमवारी पंचायत समितीचे पत्र आले. एकच नाव चार वेळा लिहिल्याचे दिसून आल्याने तीन नावे कमी केली आहेत, पट अडतीस, दुसरा शिक्षक देता येत नाही. यादी शनिवारी जिल्ह्याला जाणार.

नाव होते बुधरी मडावी. गाव बहुतेक गोंडी बोलणाऱ्या मडावींचे, आणि बुधवारी जन्मलेली पोर म्हणजे बुधरी. गावात कोणाचा घोटाळा होत नसे. बोडीवरची, म्हणजे तळ्याकाठची बुधरी, लालसूची बुधरी, असे ज्याला-त्याला ठाऊक. गुरुजींनी मात्र घाईत बापांची नावे लिहिली नव्हती.

"मी जातो," गुरुजी म्हणाले, "पण शाळा कोण पाहील?"

"तुमी राहा जी. मी जातो ना चारही बुधरी घेऊन. डोयानं पाहू द्या त्याईले."

बुधवारी सकाळी तिने गल्लीतून हाक मारली, "बुधरी, चला वो!" आणि थांब्यावर येऊन मोजते तर पाच. पाचवी पहिलीतली, सगळ्यांत लहान. जूनपासून रोज शाळेत येऊन बसत होती.

"गुरुजी तर चार म्हणत होते," बायनाबाई पुटपुटली. मग तिच्या ध्यानात आले. नाव घालायला आणले तेव्हा गुरुजी म्हणाले होते, "बुधरी लिहिली आहे की." म्हणजे गुरुजींनीही पंचायत समितीसारखीच दोन बुधरींची एक केली होती.

पोर परत जायला तयार नव्हती. कंडक्टर इस्तारीभाऊंनी विचारले, "किती अर्धे, बाई?"

"पाच," बायनाबाई म्हणाली. फुटाणे गेले, आणि परतीच्या तिकिटालाही ऐंशी पैसे कमी पडणार होते.

कचेरीत बापूराव कारकुनांनी चष्म्यावरून पाहिले. "काऊन बाई, एवढी वरात कायची?"

"हजेरी घ्या जी. बुधरी मडावी म्हना."

बापूराव हसले. "बुधरी मडावी!"

"हजर!" पाच आवाज एकदम आले. मराठीतला तो एक शब्द त्यांचा पक्का होता.

सगळी कचेरी मान वर करून बघू लागली. बापूराव म्हणाले, "गावात दुसरं नाव नाई सापडलं काय?"

"बुधवारी जन्मली तं काय शनवारचं नाव ठेवतीन? चार लिवल्या, पाच आल्या. आता कोन्ती कमी करता, तुमीच सांगा."

बापूराव खुर्चीतून उठले. त्यांनी यादी काढली, खोडलेली नावे पुन्हा लिहिली आणि एकेका पोरीला पुढे बोलावून बापाचे नाव विचारून घेतले. "एकेचाळीस झाले. पाचवीसाठी गुरुजींचा अर्ज उद्या पाठवा," म्हणाले, आणि आपल्या डब्यातली पोळी मोडून पोरींच्या हातावर ठेवली. बायनाबाईने दोन्ही हात जोडले. चूक सुधारायला माणूस खुर्चीतून उठतो, हे तिने त्या दिवशी पाहिले.

परतीची गाडीही इस्तारीभाऊंचीच होती. कमी पडलेले ऐंशी पैसे त्यांनी आपल्या खिशातून घातले. "द्या कधी तरी," म्हणाले.

गुरुजींनी सारे ऐकले आणि हजेरीपटात बेचाळिसावे नाव बापाच्या नावासकट लिहिले. "बाई, मी हिला दोन महिने गैरहजर ठेवलं," एवढेच ते म्हणाले.

दिवाळीनंतर रुखमाबाई ही दुसरी शिक्षिका आली. पुढल्या जूनला तिसरी उघडली आणि बोडीवरची बुधरी तिसरीत बसली. जिल्ह्याचा वार्षिक अहवाल आला, तेव्हा गुरुजींनी गावाची ओळ वाचून दाखवली. पट बेचाळीस, शिक्षक दोन.

"याच्यात पाचही आहेत ना जी?"

"पाचही आहेत, बाई."

बायनाबाईने ती ओळ बोट ठेवून स्वतः वाचली. दुसरीपर्यंतचे वाचणे तेवढ्याला पुरले.

पगार झाल्यावर ऐंशी पैसे घेऊन ती थांब्यावर गेली होती. गाडीवर कंडक्टर दुसरा होता, इस्तारीभाऊंची बदली झालेली. ते ऐंशी पैसे अजून द्यायचे आहेत.