ताकाचा तांब्या आणि पलीकडचा बोअर

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा चूल सासूबाईंकडं होती, शेत नवऱ्याकडं आणि परराष्ट्र खातं सासऱ्यांकडं. हे तिसरं खातं हळद उतरायच्या आत माझ्या गळ्यात पडलं. रोज सकाळी ताक घुसळून झालं की पहिला तांब्या, काठोकाठ, वर लोण्याची कणी तरंगती ठेवून, बांधापलीकडच्या घरी पोचवायचा. उरल्यासुरल्यात पाणी घालून घरच्यांना. माझ्या माहेरी दुभतं भरपूर. ताकाशिवाय मला भाकर उतरायची नाही. इथं जे वाट्याला यायचं त्याला ताक म्हणणं म्हणजे ताकाची बदनामी होती.

पलीकडं सासऱ्यांचे एक चुलतभाऊ राहायचे. आमच्या घरात त्यांचं नाव कुणी घेत नसे, नुसतं 'पलीकडले' म्हणत. वाटणीत विहीर आमच्याकडं आली आणि त्यांच्याकडं मुरूम गेला, तेव्हापासून ते धुमसत होते. आमचं गाव वसमतच्या अंगाचं, हळदीचं. आमची सगळी हळद त्या एका विहिरीवर, आणि विहीर बांधाला अगदी खेटून. मी घरात आले त्याच आठवड्यात पलीकडले पारावर सहज बोलल्यासारखं बोलले, "बांधाला लागून बोअर मारावा म्हणतो. खोल मारतो." शेजारी खोल बोअर पडला की विहिरीचे झरे आटतात, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. विहीर गेली की हळद गेली, आणि हळद गेली की आमच्या घरात उरणार काय, तर सासऱ्यांचा रेडिओ.

त्या रेडिओनंच घात केला. नव्वदचं दशक होतं ते. उत्तर कोरिया नावाचा देश अणुबॉम्बची भीती घालत होता आणि त्यानं तो करू नये म्हणून अमेरिका त्याला जहाजं भरून तेल देत होती. हे ऐकून सासऱ्यांचा चेहरा उजळला.

"येवढी मोठी अमेरिका," ते म्हणाले, "तिला काय भांडता येत न्हाई? पण ती तेल देऊन राहिली. काहून? शहानी हाय म्हणून. आपल्यापाशी तेल न्हाई, ताक हाय."

सासूबाई भाकर थापता थापता म्हणाल्या, "अमेरिकेच्या बायकोला विचारा, घरात किती उरलं ते."

पुढच्या उन्हाळ्यात पलीकडल्यांनी पाणाड्या आणला. जमिनीखालचं पाणी सांगणारा तो माणूस तळहातावर नारळ घेऊन शिवारभर फिरला आणि बरोबर आमच्या विहिरीसमोर आल्यावर त्याचा नारळ ताठ उभा राहिला. तिथं चुन्याची फुली मारली. सासऱ्यांनी त्या दिवशी जेवण टाकलं, आणि संध्याकाळी जाऊन आठवड्यातला एक दिवस आमच्या विहिरीचं पाणी पलीकडं देऊन आले. येताना काय तोऱ्यात आले! करार झाला म्हणाले. करारात पलीकडल्यांनी काय द्यायचं ठरलं, असं मी विचारलं. "ते बोअर न्हाई मारनार," म्हणाले. म्हणजे जे त्यांनी केलंच नव्हतं ते त्यांनी न करायचं, आणि आम्ही त्याबद्दल पाणी द्यायचं. माझं डोकं सणकलं, पण नवी सून म्हणून गप्प बसले.

मग बोअरात उतरवायचा केसिंगचा पाइप आला. पलीकडल्यांनी तो रस्त्याच्या बाजूला भिंतीशी उभा केला, त्याला हळदकुंकू लावलं. सासऱ्यांनी मला पाहणीला पाठवलं. "विरजन मागायला जा, अन् पाइप नवा हाय का जुना, बघून ये." ज्या घरी रोज आमचंच ताक जातं तिथं विरजण मागायचं म्हणजे काय अक्कल! पलीकडले बाजेवर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "ये सूनबाई. पाइप बघायचाय नव्हं? हात लावून बघ. अन् घरी सांग, गूळ संपलाय."

गूळ गेला. पाण्याचा दुसरा दिवस गेला.

तिसरा दिवस तर निव्वळ घाबरटपणात गेला. वारंगा फाट्यावर बोअरच्या गाड्या उभ्या असायच्या. त्यातली एक, रस्ता चुकलेली, आमच्या गावात शिरली. ड्रायव्हरला जायचं होतं जवळा बाजार या गावाला. सासरे पळत गेले, त्याला चहा पाजला, रस्ता दाखवला, गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले आणि तसेच पलीकडं जाऊन पाणी वाढवून आले. पलीकडल्यांना गाडी आल्याचा पत्ताही नव्हता. त्यांनी पाणी मात्र घेतलं, आणि फुकटच्या पाण्यावर ऊस लावला. विहिरीशेजारी ऊस! घरात मी भांडी आपटली. नवरा म्हणाला, "बाबाला समजते ते आपल्याला समजते का?" तोही त्यांच्याच शाळेतला.

अशी वर्षं गेली. माझी लेकरं शाळेत जायला लागली, आणि दसरा-दिवाळीच्या मधे एका सकाळी रेडिओनं सांगितलं की उत्तर कोरियानं बॉम्ब फोडून पाहिला. सासऱ्यांनी रेडिओ उचलून कानाशी धरला.

"तेल देऊनबी?" ते म्हणाले.

मला वाटलं, आता तरी उमगलं. कसलं काय. "तेल कमी पडलं असल," म्हणाले, आणि पलीकडं आणखी एक दिवस देऊन आले.

संक्रांतीनंतर विहिरीनं तळ दाखवला. मोटर नुसती घरघरली, पाइपातून गाळ आला, मग तोही थांबला. बोअर पडला नव्हता, कुणी कुदळ मारली नव्हती. बोअर नको म्हणून देता देता आम्हीच विहीर रिकामी केली होती. हळद खाली भरायच्या आतच वर वाळली. मी एक गड्डा उपटून पाहिला, बोटभरही नव्हता. मी तिथंच सरीत बसून रडले.

दुपारी पलीकडले तणतणत आले. "पानी काहून आलं न्हाई? ऊस वाळून राहिला." सासऱ्यांनी त्यांना हात धरून विहिरीपाशी नेलं. पलीकडल्यांनी वाकून पाहिलं आणि मटकन खाली बसले.

माझ्यानं राहवलं नाही. "मारा की आता बोअर," मी म्हणाले.

"कुठला बोअर, सूनबाई," ते मान खाली घालून म्हणाले. "पाणाड्या तव्हाच बोलला, खाली निस्ता काळा पत्थर हाय. मीच म्हनलं त्याला, नारळ उभा कर, अन् फुली ह्यांना दिसल तिथं मार."

मला वाटलं, सासरे आता त्यांच्या अंगावर जातील. सासरे घसा खाकरून म्हणाले, "मंग आता तरी मारनार न्हाई नव्हं?"

पलीकडल्यांनी वर पाहिलं. थोडा विचार केला.

"बघू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी ताकाचा तांब्या माझ्या हातात दिला. काठोकाठ. मी बांधापर्यंत गेले, कोरड्या विहिरीच्या काठावर बसले आणि सगळं ताक पिऊन टाकलं, लोण्याच्या कणीसकट. कितीतरी वर्षांनी तोंडाला ताकाची चव आली. पदरानं तोंड पुसून घरी आले.

"घेतलं का?" सासऱ्यांनी विचारलं.

"घेतलं."

"खूश होते?"

"लई," मी म्हणाले.

सासऱ्यांना त्या दिवशी गाढ झोप लागली. म्हणून मग मी दुसऱ्या दिवशीही नेलं.